टाकी भरली कशाने? भिजलेल्या गोल्फ मैदानावरच्या फिरत्या शौचालयांचं एक प्रकरण

तक्रार साधी होती. चौदाव्या होलजवळच्या केबिनमध्ये पाय ठेववत नाही, इतका वास. पावसाची झड लागून दुसरा आठवडा सुरू होता. मैदानाच्या कार्यालयाने पहिला उपाय केला तो सगळे करतात तोच: टाकीत टाकायच्या निळ्या औषधाचा डोस दुप्पट केला. वास गेला नाही, त्यात सुगंधाची भर पडली. मग वापर वाढला असेल म्हणून शेजारी आणखी एक केबिन उभी करायची मागणी झाली. त्या टप्प्यावर मला पाहायला बोलावलं.

मैदान १८ होलचं. एक फेरी खेळायला चार तासांहून जास्त वेळ लागतो. नवव्या होलनंतर माणूस क्लबहाउसपाशी परत येतो, पण मधल्या पट्ट्यात सोय हवी म्हणून चौथ्या, सातव्या, बाराव्या, चौदाव्या आणि सोळाव्या होलजवळ एकेक फिरतं शौचालय ठेवलेलं. सगळ्या नेहमीच्या प्लास्टिकच्या केबिन: रिकामी असताना वजन ९० किलोच्या आसपास, खाली सुमारे २५० लिटरची मैलाटाकी, टाकीतून छपराबाहेर गेलेला हवेचा पाइप. उपसा आठवड्यातून एकदा. ठेकेदाराचा टँकर येतो, व्हॅक्यूम पंपाने टाकी ओढून घेतो, केबिन धुतो, टाकीत २० लिटर पाणी आणि औषध सोडतो आणि पुढे जातो.

आठवड्यातून एकदा हा हिशेब मुळात बांधकामाच्या जागांवरून आलेला आहे. १० माणसं, ४० तासांचा आठवडा, एक केबिन, एक उपसा. कोरड्या दिवसांत तो गोल्फलाही पुरतो. पावसात तो का कोलमडतो, ते या मैदानावर अगदी स्वच्छ दिसलं.

खेळणारे निम्मे, टाकी दुप्पट

आधी नोंदवही मागवली. तिच्यात बाराव्या आणि चौदाव्या केबिनसमोर दोन आठवडे ‘पोहोचता आलं नाही’ एवढंच लिहिलेलं. कार्यालयात ही वही कोणी उघडलीच नव्हती, कारण ती ठेकेदाराच्या बिलासाठी असते असा सगळ्यांचा समज. म्हणजे औषध दुप्पट झालं ते न उपसलेल्या टाकीत. अशा वेळी डोस वाढवणं हा उपाय नव्हेच. औषधाचं काम वास निर्माण करणाऱ्या जिवाणूंना आवर घालण्याचं असतं आणि ते ठरावीक पाण्याच्या, ठरावीक मैल्याच्या प्रमाणातच चालतं. शिवाय जंतुनाशक अति झालं की ज्या शुद्धीकरण केंद्रात हा मैला शेवटी रिकामा होतो, तिथल्या उपयोगी जिवाणूंनाही ते मारक ठरू शकतं.

दोन उपसे चुकले, एवढ्यानेच उत्तर संपलं असतं. पण हिशेब जुळत नव्हता. झड लागल्यापासून खेळणारे निम्म्याहून कमी झाले होते. एका वापराला तीन-चारशे मिलिलिटर धरा. कोरड्या दिवसांत रोज ४० वापर म्हटले तर आठवड्याला साधारण ११० लिटर जमतात. वापर निम्मा झाला तर दोन आठवड्यांतही तेवढेच, म्हणजे सुरुवातीचे २० लिटर धरून टाकी जेमतेम निम्मी भरायला हवी. प्रत्यक्षात टॉर्च मारला तर पातळी बैठकीच्या खाली बोटभर. मैदानावरचे कामगारही ही केबिन वापरत होते, रेनकोट बदलायलासुद्धा. पण रेनकोटने टाकी भरत नाही.

रंगानेही तेच सांगितलं. टाकी वापराने भरत गेली की निळं पाणी हळूहळू हिरवं आणि मग गडद तपकिरी होतं. इथे रंग गडद नव्हता, विटलेला होता. धुवून धुवून फिकट झाल्यासारखा, राखाडीकडे झुकलेला. पाणी बाहेरून येत होतं.

सगळ्यांचं बोट हवेच्या पाइपकडे गेलं, कारण त्याची टोपी उडून गेलेली दिसत होती. पण हा पाइप १०० मिलिमीटर व्यासाचा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर, या हिशेबाने १०० मिलिमीटर पाऊस पडला तरी त्या तोंडातून आत जाईल ते लिटरभरसुद्धा नाही. टोपी बसवायलाच हवी, पण गुन्हेगार ती नव्हे. छप्पर मात्र १.२ मीटर बाय १.२ मीटर, म्हणजे जवळपास दीड चौरस मीटर. तेवढ्याच पावसात त्यावर १४० लिटर पाणी पडतं. त्यातला तिसरा हिस्सा जरी आत वळला तरी निम्म्यावर आलेल्या वापराच्या जवळपास एका आठवड्याइतकी भर एका पावसात पडते.

चौदावी केबिन झाडाखाली उभी. वरून फांदी पडून छपराला पाइपच्या बाजूने खळगा पडला होता. बाहेरून पाहिलं तर कळणारही नाही असा. एकाने आत टॉर्च धरून उभं राहायचं, दुसऱ्याने शिडीवरून छपरावर बादलीभर पाणी ओतायचं, अशी परीक्षा केली. पाणी कडेने ओघळायच्या ऐवजी खळग्यात जमलं, पाइपभोवतीच्या रबरी कॉलरच्या चिरेतून आत शिरलं, पाइपच्या बाहेरच्या अंगाने सरळ रेषेत उतरलं आणि टाकीच्या झाकणावर पसरून बैठकीच्या कडेखाली गायब झालं. जमिनीवर एक थेंब नाही. रोज केबिन पुसणाऱ्या माणसाला ते कधीच दिसणार नव्हतं, कारण फरशी कोरडी होती. त्यात झाडाखाली असल्यामुळे पाऊस थांबला तरी पानांवरून ठिबक चालूच.

दुरुस्ती अर्ध्या तासाची निघाली. कॉलर बदलली, खळगा आतून दाबून वर आणला, टोपी बसवली, वरच्या दोन फांद्या छाटल्या. तीच बादली मग उरलेल्या चारही छपरांवर ओतली. सातव्या होलच्या केबिनमध्ये मुतारीच्या मागच्या सांध्यातून थोडं पाणी येत होतं, बाकी ठीक.

टँकर आणि गवत

खरा अवघड भाग इथून सुरू झाला. टाकी भरली पावसाने, पण ती उपसली का गेली नाही? त्याचं उत्तर केबिनमध्ये नव्हतं, फेअरवेवर होतं, म्हणजे पहिल्या फटक्याच्या जागेपासून होलपर्यंतच्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर.

गोल्फच्या ग्रीन, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळी, खाली वाळू-खडीचे थर देऊन बांधलेल्या असतात, साधारण ३०० मिलिमीटर वाळूमिश्रित थर आणि त्याखाली १०० मिलिमीटर खडी, म्हणजे त्यांचा निचरा झटपट होतो. फेअरवे आणि रफ, म्हणजे त्याच्या कडेचं वाढलेलं गवत, मात्र बहुतेक मैदानांवर मूळ जमिनीवरच असतात. या मैदानाची जमीन चिकणमातीची. झड लागली की वाफसा यायला उघडिपीनंतरही दोन-तीन दिवस लागतात, आणि वाफसा नसताना चाक गेलं की नुसती चाकोरी उमटत नाही, खालची माती दाबून घट्ट होते. मग तिथे पाणी साचतं, मुळं गुदमरतात, आणि पुढचा सगळा हंगाम तो पट्टा पिवळा दिसतो. म्हणून मैदानप्रमुखाने कार्टसुद्धा फक्त पक्क्या वाटेवरून न्यायचा नियम लावला होता. टँकरला तर प्रश्नच नव्हता.

ठेकेदाराच्या चालकाचं म्हणणंही चुकीचं नव्हतं. ‘गेल्या वर्षी तुमच्याच सांगण्यावरून गाडी गवतात घातली, रुतली, ट्रॅक्टरने ओढली, आणि चाकोरीचं बिल आम्हाला लावलं. आता साहेब, लेखी द्या, मग जातो.’ लेखी देणार कोण? कार्यालयाला वास नको होता, मैदानप्रमुखाला चाकोरी नको होती, आणि दोघांमध्ये टाकी भरत होती. अशा प्रकरणांत सफाई कमी पडली असं लिहून मोकळं होणं सोपं असतं. माझ्या मते इथे कमी पडला तो रस्ता.

आकडे मांडले तेव्हा दोन्ही बाजू शांत झाल्या. टँकरची टाकी ३००० लिटरची, म्हणजे भरल्यावर नुसत्या द्रवाचंच वजन ३ टन, गाडीचं वेगळं. मालवाहू गाडीच्या टायरमध्ये हवेचा दाब ७ बारच्या आसपास, आणि मऊ जमिनीवर चाकाखाली पडणारा दाब ढोबळमानाने टायरमधल्या दाबाइतकाच असतो. गवतावर चालणाऱ्या छोट्या गाड्यांचे रुंद टायर एक-दीड बारवर चालतात. पण रुंद टायर हा सर्वांगी इलाज नाही. पृष्ठभागावरची चाकोरी टायरच्या दाबाने ठरते, खोलवरचं दाबलं जाणं मात्र धुरीवरच्या एकूण वजनाने. चार टन रुंद टायरवर ठेवले तरी खाली ते चार टनच.

एक गोष्ट कोणाच्याच लक्षात आली नव्हती. चालक फेरी सुरू करायचा चौथ्या होलपासून, कारण फाटकाजवळ तीच केबिन. म्हणजे सगळ्यात ओल्या भागात, बाराव्या-चौदाव्या-सोळाव्या होलशी, तो पोहोचायचा तेव्हा मैल्याची टाकी सगळ्यात जड. फेरी उलटी केली, स्वच्छ पाण्याची टाकी निम्मीच भरून निघायचं ठरवलं, आणि ज्या गाडीला पक्क्या वाटेच्या कडेनेही जाऊ द्यायला मैदानप्रमुख नाखूश होते, तिला निदान वाटेवरून सगळीकडे फिरायची मोकळीक मिळाली. पैसा न खर्चता झालेला हा एकमेव बदल.

लांब पाइप

चौदावी केबिन वाटेपासून साधारण ३५ मीटर आत, आणि वाटेहून थोडी उंचावर. गाडी वाटेवर उभी करून पाइप जोडत नेला तर? व्हॅक्यूमने द्रव उभा ओढायची निसर्गाचीच मर्यादा सुमारे १० मीटर आहे, आणि प्रत्यक्ष कामात सहा-सात मीटरच्या पुढे भरवसा धरू नये. आडवं अंतर तितकं नडत नाही, वेळ खातं. चौदाव्या केबिनला उतार गाडीकडे होता, म्हणून ओढ सहज बसली.

धोका ओढण्यात नव्हता, आवरण्यात होता. ३५ मीटर पाइपमध्ये उपसा संपल्यावरही बादल्या भरतील इतका मैला राहतो. पंप बंद करून सांधा उघडला की तो फेअरवेवर. म्हणून क्रम पक्का ठरवला: टाकी रिकामी झाली की पंप चालू ठेवूनच टोक वर उचलायचं आणि हवा ओढू द्यायची, मग तेच टोक स्वच्छ पाण्याच्या बादलीत बुडवून पाणी ओढायचं, पुन्हा हवा, त्यानंतर केबिनकडून गाडीकडे येत, पाइप खांद्याइतका उचलत, उरलंसुरलं गाडीकडे ढकलायचं, आणि सांधे सगळ्यात शेवटी सोडायचे, प्रत्येक सांध्याखाली पसरट तसराळं ठेवून. पहिल्या वेळी चालकाच्या मदतनिसाला हे सगळं नखरे वाटले. त्याच्या हातून एक सांधा आधी सुटला आणि तसराळ्यात काय पडलं ते त्याने पाहिलं. मग कोणाला पुन्हा सांगावं लागलं नाही.

पाइप तुंबला तो दोनदा, दोन्ही वेळा ओल्या पुसण्यांमुळे. त्या कागदासारख्या दिसतात पण पाण्यात विरघळत नाहीत. एकदा त्यांच्या गुंडाळ्यात गोल्फचा हातमोजाही निघाला. केबिनमध्ये झाकणाचा कचऱ्याचा डबा नसेल तर लोक टाकीतच टाकणार, त्यांना बोलून उपयोग नाही. डबे ठेवले.

हलवाहलव

पाइप हा तात्पुरता उपाय. पक्का उपाय म्हणजे केबिनच वाटेशेजारी आणणं. यावर सगळ्यात जास्त वाद झाला. झाडामागे लपलेली केबिन उघड्यावर येणार हे सभासदांना रुचेना. कोणीतरी ती खेळाच्या रेषेत येईल असंही म्हणालं. नियमांत याची सोय आहे: सहज हलवता न येणारी अशी वस्तू अचल अडथळा धरतात आणि उभं राहायला किंवा फटका मारायला ती आड येत असेल तर विनादंड सवलत मिळते. नुसती नजरेच्या रेषेत येते म्हणून मात्र मिळत नाही. तेव्हा वाटेच्या पलीकडच्या अंगाला, टीच्या, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेच्या, मागे जागा निवडली. झाडाखालचा अंधारही गेला, छपरावर ऊन पडू लागलं. हवेचा पाइप उन्हाने तापला की त्यातली हवा वर चढते आणि टाकीतला वास बाहेर ओढते. पावसाळी झाकोळात ही ओढ मुळातच मंद असते, सावलीत तर ती जवळजवळ बंद पडते. चौदाव्या केबिनच्या बदनामीत याचाही वाटा होता.

भरलेली केबिन हलवायची नाही, हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. भरलेल्या टाकीसकट ती सव्वातीनशे किलोच्या पुढे जाते, आतलं पाणी हिंदकळतं आणि तिरपी झाली की सावरत नाही. उपसून, दार बांधून, ओल्या गवतावर प्लायवुडचे तक्ते अंथरून चौघांनी ती सरकवली. मागचा तक्ता उचलून पुढे, असं करत. नव्या जागी आधी खडीचा थर आणि वर फरशा, बाहेरच्या बाजूला हलका उतार, वरच्या अंगाला एक चर. दार वाऱ्याच्या उलट्या दिशेला.

सोळाव्या केबिनची तक्रार कोणीच केली नव्हती, पण मला ती सगळ्यात धोक्याची वाटली. ती ओढ्याच्या काठच्या सखलात होती. टाकीचा तळ अर्धा-पाऊण चौरस मीटर, वजन ९० किलो. म्हणजे टाकीच्या तळापासून १५ सेंटिमीटर पाणी चढलं तरी रिकामी केबिन तरंगू लागते. गंमत अशी की नुकतीच उपसलेली केबिन आधी उचलली जाते आणि अर्धी भरलेली टिकून राहते. पण अर्धी भरलेली कलंडली तर ओढ्यात काय जाईल याचा विचार करवत नाही. जमिनीत ठोकलेल्या खुंट्यांवर विसंबायचं तर भिजलेली माती त्यांना धरत नाही. हाताने ओढली तर एक उपटून आली. केबिन टेकाडावर नेली, खेळाडूंना पन्नासएक पावलं जास्त चालावी लागली. यावर कोणी वाद घातला नाही.

दाराच्या आत

आतली कामं साधी. पावसात फरशीवर चिखल, गवत आणि बंकरची वाळू येते. पाण्याचा फवारा मारून धुतलं की ते पाणी बाहेरच्या गवतावर किंवा ओढ्याकडे जातं आणि सोबत जंतुनाशक नेतं. टाकीत ढकललं तर वाळू तळाशी बसते आणि पाइप ती ओढत नाही. म्हणून आधी कोरडं खरवडून सुपलीत घ्यायचं, मग ओल्या फडक्याने पुसायचं. दाराबाहेर बूट घासायची लोखंडी जाळी ठेवली, तिने निम्मं काम हलकं केलं. कागदाची गुंडाळी दमटपणाने फुगते, झाकणाच्या खोक्यातच हवी. सॅनिटायझर चिखलाच्या हातांवर नीट चालत नाही, तेव्हा चौदाव्या आणि सोळाव्या होलला पायाने दाबायच्या पंपाचं हात धुण्याचं भांडं ठेवलं.

एक पाटी मात्र आग्रहाने लावून घेतली. जोराची सर आली की लोक केबिनमध्ये आडोशाला शिरतात. पावसापासून ठीक, विजेपासून नाही. प्लास्टिकची केबिन विजेपासून कसलाही आसरा देत नाही. भोंगा वाजला की क्लबहाउस किंवा पक्की इमारत गाठायची.

काय सुटलं, काय राहिलं

उपशाचा वार आता ठरलेला नाही. मैदानावर पर्जन्यमापक आधीपासून होता, त्याचा उपयोग फक्त हिरवळीसाठी व्हायचा. आता मोठा पाऊस झाला की दुसऱ्या सकाळी प्रत्येक टाकीत टॉर्च मारून पातळी वहीत लिहितात. अर्ध्याच्या वर गेली की टँकरला फोन, आणि उघडीप मिळेल त्या दिवशी उपसा. ‘पोहोचता आलं नाही’ अशी नोंद झाली तर चालकाने त्याच दिवशी मैदानप्रमुखांना कळवायचं, आणि गाडी गवतात घालायची की नाही हे फक्त त्यांनीच सांगायचं. त्यांच्या सांगण्यावरून गेलेल्या गाडीच्या चाकोरीचं बिल ठेकेदाराला लागणार नाही, हे करारात लिहिलं गेलं. चालकाला एवढंच हवं होतं.

बारावी केबिन सुटली नाही. ती वाटेच्या खाली चारेक मीटर खोलगट भागात आहे, वरून लांब पाइपने उपसताना ओढ दमते, आणि वाटेशेजारी सपाट जागाच नाही. मोठी झड लागली की ती सरळ कुलूपबंद करायची आणि दारावर चौदाव्या केबिनकडचा बाण लावायचा, असं सध्या चाललंय. सभासद कुरकुरतात. तिथवर खडीचा रस्ता काढायचा प्रस्ताव आहे, पण तो निचऱ्याच्या कामासोबतच व्हावा असं मैदानप्रमुखांचं मत, आणि मला ते पटतं.

गेल्या वर्षीची चाकोरीही अजून दिसते. तिच्यावर ओल्यातच रोलर फिरवायची घाई झाली नाही हे बरं झालं, नाहीतर माती आणखी घट्ट झाली असती. तिला दुरुस्तीखालची जमीन म्हणून पांढऱ्या रेघेने घेरलंय. वाफसा आला की काट्याने भोकं पाडून माती मोकळी करतील आणि वर वाळू भरतील.